पडावाचा राखणदार

११ नोव्हेंबर

ठकू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. तुला माझे चालतील की नाही ठाऊक नाही, म्हणून तेवढी ओळ सोडून पुढं लिहितो.

तुझा पत्ता मावशीनं दिला. म्हणजे मला नाही, नावाड्याला दिला. आपला 'आत्तायेतो'. पलीकडून हाक मारली की 'आत्ता येतो' म्हणायचा आणि वाट बघणारा माणूस तेवढ्यात पोहायला शिकायचा. गावात पूल झाल्यापासून त्यानं होडी इकडं आणली आहे. तो सांगत होता, तू पुस्तकं बांधायच्या कारखान्यात लागलीस, कचेऱ्यांची जाड रजिस्टरं शिवतेस, स्वतःची खोली घेतलीस. ऐकून बरं वाटलं. धाग्याला ताण किती द्यायचा हे तुला कोणी शिकवावं लागलं नसेल. ते तुझ्या आईकडून आलंय.

मी अजून वखारीचे ओंडके वाहणाऱ्या त्या पडावावरच आहे. चार वर्षं झाली. नदीच्या ज्या अरुंद फाट्यात रुतला तिथंच आहे, काठापासून दोनशे पावलांवर, डाव्या कुशीवर कललेला. लाकडाची नव्वद फुटांची वस्तू, पण ती आता वस्तू राहिली नाही, जागा झाली आहे. मागच्या कोठीत माझं अंथरूण, स्टोव्ह आणि पत्र्याची पेटी. जमीन इतकी उतरती की कांदा खाली ठेवला तर तो डाव्या भिंतीला जाऊन थांबतो. मीही झोपेत तिकडंच जातो. पडावाच्या पोटात गुडघाभर हिरवं पाणी साचलंय आणि त्याला वास आहे. आता मला येत नाही, आत्तायेतोला येतो.

तू म्हणशील, मग उतरत का नाही. वखारीचा मालक वारल्यावर त्याचे दोन मुलगे आणि जावई वखारीसाठी कोर्टात गेले, हे तुला माहीत असेल. वखार, करवती, पडाव, सगळ्याला सील लागलं. या पडावासाठी कोर्टाला राखणदार हवा होता. मी तांडेल, पडाव माझ्याच हातून रुतलेला, तेव्हा बेलिफानं माझ्यापुढं सुपूर्दनामा ठेवला आणि मी सही केली. निकाल लागेपर्यंत जागा सोडायची नाही. सोडली आणि फळीसुद्धा गेली, तर जबाबदारी माझी. तेव्हापासून दोनदाच काठावर गेलो, एकदा कोर्टात आणि एकदा दाढ काढायला. वेळ जावा म्हणून कोळ्यांची जाळी दुरुस्त करून देतो.

बाकीचं तुला तेव्हाच सांगितलं होतं. तरी पुन्हा लिहितो, कारण तू ते ऐकून घेतलंस की नाही हे मला कधी कळलं नाही. सोमवारी वरच्या धक्क्यावर तुझा निरोप मिळाला, 'आई जास्त आहे, लगेच या', आणि मी मोठं पात्र सोडून जवळचा फाटा धरला. पाणी उतरत होतं. रुतलो. दोघे खलाशी जवान, ते पोहून गेले. मला नाही जमलं. पाणी छातीपर्यंत आणि ओढ अशी की म्हैस वाहून जाईल. घर दोन तासांवर आणि मी मध्येच. गुरुवारी ती गेली.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

तुझा बाप

९ डिसेंबर

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं आहेत, मी ती बरीच वेळा वाचली. 'पत्र मिळालं. मी बरी आहे. तिथून सुटका कधी?'

सुटका कोर्टाच्या हातात. तिथं तारखेला तारीख जन्माला येते. निकाल लागला की कळवीन.

इथल्या दिवसाचं सांगायचं तर सकाळी पंप मारायचा. पोटातलं पाणी बाहेर काढायचं, संध्याकाळपर्यंत तेवढंच आत येतं. नदीचा आणि माझा हा रोजचा सौदा आहे, दोघांनाही त्यात काही मिळत नाही. मग फटी. जुना दोर उसवून काथ्या करायचा, फटीत ठोकायचा, वर डांबर. एक फट बुजवली की शेजारची उघडते. लाकूड वरून धडधाकट दिसतं आणि बोट लावलं की ओल्या पावासारखं आत जातं. उजवी बाजू त्यातल्या त्यात कोरडी, पण तिकडं मी फारसा जात नाही, तिथल्या फळ्यांवर भरवसा नाही.

चालायची जागा म्हणजे डाव्या कठड्यालगत बावीस पावलं. बावीस जायचं, बावीस यायचं. तिरकं चालून माझा उजवा गुडघा कायम वाकलेला राहतो. दाढ काढायला गेलो तेव्हा सरळ रस्त्यावर मला भोवळ आली. दातवाला म्हणाला, अजून तर सुई टोचली नाही.

काठावरची माणसं मला 'पडाववाले' म्हणतात. बायका पायऱ्यांवर कपडे धुतात, त्यांचं बोलणं पाण्यावरून इथं स्वच्छ ऐकू येतं. कोणाच्या सुनेला काय जमत नाही हे मला पाठ आहे. त्यांना माझं काही ऐकू जात नाही, कारण मी बोलत नाही.

तू स्वयंपाक करतेस की खानावळीत जेवतेस?

तुझा बाप

२७ जानेवारी

ठकू,

आत्तायेतोनं मावशीला सांगितलं असणार आणि मावशीनं तुला, तेव्हा मीच नीट लिहितो. तो तिखटमीठ लावून सांगतो. पाय शाबूत आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला जाळं वाळत घालायला उजव्या बाजूला गेलो. जायचं नव्हतं, पण ऊन तिकडंच होतं. फळी काही करकरली वगैरे नाही, नुसती होती ती नाहीशी झाली. उजवा पाय मांडीपर्यंत खाली, डावा वर दुमडलेला, आणि मी बसलेलो. मोडलेल्या फळीची टोकं खाली वळली होती. मासे धरायच्या टोपल्याला तोंडाशी काड्या असतात ना, आत जाताना वाट देतात आणि बाहेर निघताना टोचतात, तसं झालं. वर ओढला की टोकं मांसात शिरायची. सोडला की जरा बरं. म्हणून सोडून दिला.

खाली तळव्याला पोटातलं पाणी लागत होतं, थंड. मधूनच बोटांना काहीतरी घासून जायचं. बेडूक असेल. बेडूक आहे असं मी ठरवलं.

काठावर नेहमीच्या चौघी जणी कपडे धूत होत्या. एक माणूस होडी रंगवत होता, त्याच्या ब्रशचा आवाजसुद्धा येत होता. ऊन डोक्यावर आलं, तिकडं गेलं. बायका बादल्या उचलून गेल्या. मी हाक मारली नाही. घसा कोरडा पडला होता.

चार वाजता आत्तायेतो आला. म्हणाला, "काय तांडेल, आज बसूनच स्वागत?" मग त्याला रक्त दिसलं. माझ्याच पेटीतली लहान करवत काढून त्यानं फळी कापायला घेतली. म्हणाला, "मांडी कुठं संपते आणि लाकूड कुठं सुरू होतं ते सांगत राहा, दोन्हींचा रंग एकच झालाय." अर्धा तास लागला. तो नेमका त्याच दिवशी आला हे माझं नशीब, कारण होडी डांबरायला काठावर काढली होती. तरी पँट गुडघ्यावर दुमडून, तांदूळ आणि रॉकेल डोक्यावर घेऊन आला.

दवाखान्यातून बाई येऊन टाके घालून गेल्या. आठ आहेत. दोन आठवडे फार हलायचं नाही असं सांगून गेल्या. मी म्हटलं, बाई, हलायला जागा कुठं आहे.

तू काळजी करू नकोस.

तुझा बाप

१५ फेब्रुवारी

ठकू,

मला वाटलं होतं तू पायाची चौकशी करशील. केलीस, एका ओळीत. बाकी दोन पानं तू माझी उलटतपासणी घेतली आहेस. पुस्तकं बांधता बांधता वकिली शिकलीस की काय?

आत्तायेतो चालत आला, हे खरं. जानेवारीत पाणी कमी असतं. शिवाय फाट्यात चार वर्षांत गाळ किती भरला असेल, तूच विचार कर. तेव्हाची नदी आणि आत्ताची नदी एक नाही.

धाकट्या खलाशाचं तू लिहिलंस ते मला आठवत नाही. आपल्या स्वयंपाकघरात बसून तो 'नदीवर काम करतो पण पोहता येत नाही' असं म्हणाला असेल आणि तुझी आई हसली असेल. माणसं जेवताना काहीही बोलतात. तो कसा गेला हे मी काय बघत बसलो होतो का? पडाव कलत होता, ओंडके डावीकडं सरकत होते, दोर तुटत होते. मला तेव्हा चार हात हवे होते.

इतकं लिहिल्यावर पत्र फाडणार होतो. पण कागद एवढाच आहे आणि आत्तायेतो काठावर थांबलाय. रागानं लिहिलं. तू विचारलंस त्यात चूक काही नाही.

टाके काढले. लंगडतो, पण इथली जमीनच लंगडी आहे, त्यामुळं बघणाऱ्याला मी सरळ चालतोय असं वाटेल.

तुझा बाप

१० मार्च

ठकू,

तू कोर्टात जाशील असं मला वाटलं नव्हतं. सुट्टी काढून, दोन बस बदलून, तिथल्या कारकुनापुढं उभी राहून तू ती फाइल काढायला लावलीस. आता विचारतेस की दावा चौदा महिन्यांपूर्वी निकाली निघाला, राखणदाराला मोकळं केल्याचा कागद टपालानं गेला आणि पोहोच परत आली, तर खाली सही कोणाची.

माझी. कागद पेटीत आहे.

वारसांनी आपसांत मिटवलं. वखार वाटून घेतली, पडाव कोणालाच नको होता. कोर्टानं लिहिलं की याचं जे व्हायचं ते होवो. वखारीचा कारकून महिन्याचं सामान धाडायचा, तेही बंद झालं. जाळी मी वेळ जावा म्हणून नाही, पोटासाठी दुरुस्त करतो. ज्या दिवशी कागद आला त्या दिवशी मी कपडे पेटीत भरले. मग पेटीवर बसलो. जायचं कुठं, असं मनात आलं. आपल्या गावच्या खोलीचं कुलूप उघडायचं, आणि आत समोर तिची खाट. मी कपडे परत खुंटीला लावले आणि पंप मारायला घेतला. दुसऱ्या दिवशीही मारला. सुपूर्दनामा होता तोवर विचारणाऱ्याला दाखवायला कागद होता. नंतर कोणी विचारलंच नाही, तूच पहिली.

आता दुसरं. तुला ते कळलंच आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं हवं आहे.

पाणी गुडघाभर होतं.

छातीपर्यंत नव्हतं. ओढही नव्हती. खलाशी दुपारी चपला हातात घेऊन चालत गेले. जाताना धाकटा म्हणाला, "तांडेल, चला की." मी म्हणालो, माल टाकून तांडेल जात नसतो. संध्याकाळी वखारीचा कारकून येऊन सांगून गेला की ओंडके उतरवेपर्यंत थांबा. मी ते धरून बसलो. ओंडके कोण चोरणार होतं? एक उचलायला सहा माणसं लागतात.

मंगळवारी दुपारी मी उतरलो होतो. शिडीवरून खाली आलो, पँट वर केली, निघालो. निम्म्यात गेलो. तिथं थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. मग परत फिरलो.

का, हे मी चार वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. खरं असं आहे की त्याच्या महिनाभर आधी डॉक्टर मला बाजूला घेऊन तुझ्या आईबद्दल म्हणाले होते, यांना मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. मी तिला म्हटलं, एक खेप मारून येतो, मग जाऊ. ती म्हणाली, बरं. मग दुसरी खेप आली. ती तेव्हाही बरं म्हणाली. आता मी दारात उभा राहणार आणि ती माझ्याकडं बघणार, हे मला त्या पाण्यात उभं असताना दिसलं. पुढचा पाय उचलेना. माझ्या मागं निदान रुतलेला पडाव होता. त्याच्यापाशी थांबायला मला कारण होतं.

तू एकोणीस वर्षांची होतीस आणि सगळं एकटीनं केलंस. मी घरी पोहोचलो तेव्हा तिला नेऊन झालं होतं, आणि तू मला दारात एवढंच विचारलंस, "पाणी किती होतं?" मी हात छातीशी नेऊन दाखवला.

जानेवारीत त्या फळीत अडकून बसलो तेव्हा घसा कोरडा वगैरे काही नव्हता. हाक मारली असती तर लोक चालत आले असते. सगळ्यांनी बघितलं असतं की इथं चालत येता येतं.

आता तू मला पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

बाप

२२ एप्रिल

ठकू,

परवा तू बोलत होतीस तेव्हा मी मान खाली घालून दोर गुंडाळत होतो. तुला वाटलं असेल याचं लक्ष नाही. सगळं ऐकलं. ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे तुला खात्री पटेल.

मी तुला आधी ओळखलंच नाही. काठावर कोणी बाई पायऱ्यांपाशी बसून बूट काढते आहे एवढं दिसलं. कपडे धुणाऱ्या म्हणाल्या, "अहो, होडी येईल आत्ता." तू म्हणालीस, "होडी नको." आणि निघालीस. एप्रिलचं पाणी, तुझ्या पोटरीलासुद्धा लागलं नाही. तू खाली बघत, पाऊल मोजत येत होतीस. तुझी चाल पाहिली आणि माझ्या हातून काथ्याचा हातोडा पाण्यात पडला.

वर आलीस आणि म्हणालीस, "दोनशे अकरा."

मी बस म्हणालो. तू बसली नाहीस. कोठीत डोकावलीस, उतरत्या जमिनीवर एक पाय दुमडून उभी राहिलीस, भोकाभोवती मी ठोकलेल्या फळ्या बघितल्यास. मी पाणी दिलं, ते तू घेतलंस. मला वाटलं आता तू मला बोलशील. मी चार वर्षं त्याची तयारी केली होती, प्रत्येक वाक्याला माझ्याकडं काहीतरी उत्तर होतं.

तू म्हणालीस, "बाबा, मी तुम्हाला बोलायला आले नाही. माझं सांगायला आले आहे."

मग तू ते सांगितलंस. त्या सोमवारी सकाळी तुझ्या आईनं तुला जवळ बसवलं आणि म्हणाली, "त्यांना 'लगेच या' म्हणून कळवू नकोस. घाईत ते फाट्यात घुसतील, मला माहीत आहे. 'बरी आहे' म्हणून सांग, म्हणजे मोठ्या पात्रानं नीट येतील." तू हो म्हणालीस. बाहेर येऊन अंडीवाल्याला गाठलंस, तो सायकलवरून वरच्या धक्क्याला जायचा, आणि त्याला सांगितलंस, 'आई जास्त आहे, लगेच या.'

"तिनं नको म्हटलं होतं," तू म्हणालीस. "मी घाबरले होते. मी एकटी होते. मी तिचं ऐकलं असतं तर तुम्ही रुतला नसता. बुधवारी घरी आला असता. पाणी गुडघाभर होतं की गळाभर, ही नंतरची गोष्ट. तुम्हाला या फाट्यात मी घातलं." आणि मग म्हणालीस, "मावशीलाही सांगितलेलं नाही. रजिस्टर शिवताना मध्येच हात थांबतो. मुकादम विचारतो, काय झालं, आणि मी म्हणते, धागा तुटला."

मी दोर गुंडाळत राहिलो. गुंडाळून झाला तर पुन्हा सोडून गुंडाळला. तू थोडा वेळ थांबलीस. "येते," म्हणालीस. शिडी उतरलीस. तू काठाला पोहोचून बूट घालेपर्यंत मी उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हे मी आजवर केलेल्या सगळ्यांत वाईट आहे. त्या मंगळवारपेक्षाही.

कारण तू जे सांगितलंस ते खरं नाही, ठकू. आणि ते खोटं मी तयार केलेलं आहे.

तुझा निरोप मला वरच्या धक्क्यावर मिळाला नाही. तो पोहोचला तेव्हा मी तिथं नव्हतोच. मी रविवारी सकाळी अकरा वाजता रुतलो. तू निरोप धाडलास त्याच्या एक दिवस आधी. पंचनाम्यावर वार घातलेला आहे, कोर्टाच्या फाइलीत तो कागद सापडेल, मागच्या वेळी तू निकाल बघितलास, पंचनामा बघितला नसशील. अंडीवाला सोमवारी धक्क्यावर गेला, तिथं कळलं की पडाव गेला. त्यानं अंडी विकली, तिथंच राहिला, आणि मंगळवारी दुपारी परत येताना काठावरून मला बघितलं आणि ओरडून निरोप सांगितला. म्हणून तर मी मंगळवारी उतरलो होतो. तुला त्यानं एवढंच सांगितलं असेल की दिला निरोप. दिला होता त्यानं.

मग फाट्यात का घुसलो. मोठ्या पात्रावर पुलाखाली एका वेळी एकच पडाव जातो, आणि त्या दिवशी पुढं पाच होते. अर्धा दिवस गेला असता. मला रांगेत थांबायचा कंटाळा आला. भर पाण्यात मी त्या फाट्यातून अकरा वेळा गेलो होतो, वाटलं बाराव्यांदा जाऊ. खलाशी म्हणाले, पाणी उतरलंय. मी म्हणालो, नदी मला शिकवू नका. दुसरं कारण नव्हतं. त्या वेळी तुझी आई माझ्या मनातसुद्धा नव्हती. मी जेवणाचा विचार करत होतो.

ती गेल्यावर लोक विचारू लागले, तांडेल, तुमच्यासारखा माणूस उतरत्या पाण्यात फाट्यात कसा शिरला? कोणीतरी म्हणालं, बायकोचा निरोप आला असेल, जीव राहिला नसेल. मी नाही म्हणालो नाही. मग हो म्हणालो. मग सोमवार सांगायला लागलो. बायकोसाठी धावणारा माणूस व्हायला मला आवडलं. त्या गोष्टीत तुझा निरोप लागत होता, म्हणून तो मी घेतला. तो तुझ्या गळ्यात जाऊन पडेल हे मला कळलं नाही, कारण तुझ्या आईनं तुला काय सांगितलं होतं हे मी कधी विचारलंच नाही. तिचे शेवटचे दिवस कसे गेले, हे चार वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही.

तू 'बरी आहे' म्हणून कळवलं असतंस तरी मी तेव्हा इथंच होतो, चिखलात. तुझ्या हातून काही झालं नाही. तिला दिलेला शब्द तू मोडलास, पण त्यानं काहीच बदललं नाही.

हे मी परवा तुझ्या तोंडावर सांगू शकलो असतो. दोन वाक्यं होती. तुझ्यासमोर मला तो धावणारा माणूस सोडवेना. तू गेल्यावर पडाव रिकामा वाटला असं लिहिणार होतो, पण तसं नाही. पहिल्यांदाच मला इथं श्वास घेता येईना. कोठीत बसलो तर भिंती ओल्या, बाहेर आलो तर बावीस पावलं.

बाप

२६ एप्रिल

ठकू,

सोबतचं २२ तारखेचं पत्र टपालात टाकायला आत्तायेतोजवळ दिलं. त्यानं ते हातात धरलं आणि म्हणाला, "टपालाला चार दिवस लागतात. बसला सहा तास." मी म्हटलं, पंप कोण मारणार. तो म्हणाला, "बुडायला अजून काय राहिलंय?"

कपडे पेटीत भरले. पेटी त्यानं डोक्यावर घेतली. मी त्याच्या खांद्याला धरून आलो, पायामुळं. दोनशे पावलांना बराच वेळ लागला. निम्म्यात आलो तेव्हा तो थांबला. मग मीच म्हटलं, चल. काठावरच्या बायकांनी कपडे धुणं थांबवलं. एकीनं पायरीवरची बादली बाजूला घेतली, मला बसायला.

बसमध्ये सरळ बसता येईना, शेजारच्या माणसावर कलत होतो. त्याला वाटलं मी झोपेत आहे.

तुझ्या कारखान्याच्या दारावरच्या बाई चांगल्या आहेत. आत जायची परवानगी नाही म्हणाल्या, पण चिठ्ठी नेऊन देतील. तू सहाला सुटतेस असंही त्यांनीच सांगितलं. आता सव्वातीन झाले आहेत. रस्त्यापलीकडं सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी बाक आहे, तिथं मी बसतो. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला बसा.

आधी २२ तारखेचं पत्र वाच. सगळं वाच. काम टाकून येऊ नकोस, मुकादमाचं ऐकून घ्यावं लागेल. सहा वाजू देत. सातही वाजू देत.

तुझ्याकडं राहायला आलेलो नाही. या शहरात कुठंतरी खोली बघीन, दोर आणि सुई चालवता येते, काम मिळेल. तिच्या शेवटच्या दिवसांचं तुला सांगावंसं वाटलं तर ऐकायला आलो आहे. एका दिवसात सांगून होणार नाही हे मला समजतं.

आणि वाचून झाल्यावर मला बघावंसं वाटलं नाही, तर कारखान्याला मागचं दार आहे असं त्या बाई म्हणाल्या. तिकडून जा. मला वाईट वाटणार नाही.

हे खोटं लिहिलं. वाटेल. पण उद्या तीन वाजता मी पुन्हा इथं असेन.

बाबा